चिंचोक्यांनी सोडवलेलं भांडण



गेल्या रविवारी आमच्या घरी मोठं भांडण झालं. तसं ते रोजच होतं म्हणा! पण या भांडणातून मला तुमच्यासाठी एक छान विषय मिळाला, म्हणून आधी तेच सांगतो.

माझा पुतण्या सातवीत आहे आणि पुतणी पाचवीत. घरात सगळे त्यांना थोरला आणि धाकटी म्हणतात. दोघांनाही भूमितीचा गृहपाठ होता. घरात त्या दिवशी कर्कटक एकच आणि पट्टीही एकच. दुसरं कर्कटक शाळेत राहिलेलं आणि दुसरी पट्टी तलवारबाजीत मोडलेली! थोरल्याची सवय अशी, की तो आधी कर्कटक उचलतो आणि मग पट्टी. धाकटीचं नेमकं उलट. ती आधी पट्टी घेते, मग कर्कटक. दोघंही एकाच वेळी टेबलाशी आले. त्याने कर्कटक उचललं, तिने पट्टी उचलली. आणि मग?

"पट्टी दे."

"आधी तू कर्कटक दे."

"अगं, मला त्रिज्या मोजायचीय!"

"मलाही तीच मोजायचीय!"

पाऊण तास गेला. एकाचंही वर्तुळ झालं नाही. शेवटी वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि थोरल्यालाच म्हणाल्या, "तू मोठा ना? मग तुला कळायला नको?"

थोरल्याचा चेहरा एवढासा झाला. माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "काका, खरं सांगा, माझं काय चुकलं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबलो. कारण खरंच, त्याचं काय चुकलं होतं? त्याने काही हिसकावलं नव्हतं. धाकटीनेही नाही. दोघंही आपापल्या सवयीप्रमाणे बरोबर वागत होते, तरी काम ठप्प! मी म्हटलं, "चूक कोणाची ते आपण चिंचोक्यांना विचारू." आजीच्या डब्यातले चिंचोके आणले, जुन्या कॅलेंडरचं एक पान उलटं केलं आणि आम्ही तिघं जमिनीवर बसलो. तुम्हीही बसा. आजचा लेख नुसता वाचायचा नाही, खेळायचा आहे.

खेळ मांडू या

कागदाच्या मधोमध दोन गोल काढा. एकात लिहा 'टेबलावर कर्कटक', दुसऱ्यात 'टेबलावर पट्टी'.

आता डावीकडे थोरल्यासाठी तीन गोल काढा: 'थोरला मोकळा', 'हाती कर्कटक' आणि 'आकृती चालू'. उजवीकडे धाकटीसाठी तीन: 'धाकटी मोकळी', 'हाती पट्टी' आणि 'आकृती चालू'. एकूण आठ गोल झाले.

गोल म्हणजे परिस्थिती. एका परिस्थितीतून दुसरीत जायला काहीतरी घडावं लागतं. जे घडतं त्यासाठी चौकट काढायची. थोरल्याच्या तीन चौकटी: 'कर्कटक उचलतो', 'पट्टी उचलतो' आणि 'दोन्ही परत ठेवतो'. धाकटीच्याही तीन: 'पट्टी उचलते', 'कर्कटक उचलते' आणि 'दोन्ही परत ठेवते'.

आता बाण. चौकटीला जे जे लागतं, त्या त्या गोलाकडून चौकटीकडे बाण काढा. चौकटीतून जे जे निपजतं, त्या त्या गोलाकडे चौकटीतून बाण काढा. उदाहरणार्थ, थोरल्याच्या 'कर्कटक उचलतो' या चौकटीकडे दोन बाण येतात, एक 'थोरला मोकळा'कडून आणि एक 'टेबलावर कर्कटक'कडून. तिच्यातून एकच बाण निघतो, तो 'हाती कर्कटक'कडे. 'दोन्ही परत ठेवतो' या चौकटीत 'आकृती चालू'कडून एक बाण येतो आणि बाहेर तीन बाण जातात. त्यांतला एक 'थोरला मोकळा'कडे, एक टेबलावरच्या कर्कटकाकडे आणि एक पट्टीकडे. बाकीचे बाण तुमचे तुम्ही काढा. जमेल!

आता चिंचोके ठेवा. 'थोरला मोकळा'त एक, 'धाकटी मोकळी'त एक, 'टेबलावर कर्कटक'मध्ये एक आणि 'टेबलावर पट्टी'मध्ये एक. एकूण चार.

खेळाचा नियम एकच. ज्या ज्या गोलाकडून चौकटीत बाण येतो, त्या प्रत्येकात चिंचोका असेल तरच ती चौकट चालते. चालली की त्या प्रत्येक गोलातला एकेक चिंचोका उचलायचा आणि जिथे जिथे बाण जातो तिथे एकेक ठेवायचा. बस्स. एका वेळी अनेक चौकटी तयार असतील, तर कुठलीही चालवा.

आता रविवारचा प्रसंग खेळून बघा. थोरल्याची 'कर्कटक उचलतो' चालवा. मग धाकटीची 'पट्टी उचलते' चालवा. आता कागदावर दोनच चिंचोके उरले, एक थोरल्याच्या 'हाती कर्कटक'मध्ये आणि एक धाकटीच्या 'हाती पट्टी'मध्ये. बघा बरं, कुठली चौकट चालते का? थोरल्याला पट्टी हवी, टेबलावर नाही. धाकटीला कर्कटक हवं, टेबलावर नाही. सहाच्या सहा चौकटी बंद! सगळा कागद थिजला.

याला संगणकाच्या जगात 'डेडलॉक' म्हणतात. आपण 'कोंडी' म्हणू. आता नीट बघा, एकही चौकट चुकीची नाही. नियम कोणीच मोडला नाही. दोष आहे तो मांडणीत. थोरल्याने वहिनींकडे विजयी नजरेने पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "बरं बाबा, नाही तुझं चुकलं. पण वर्तुळ कोण काढणार?"

प्रश्न रास्त होता. तिकडे येऊच. आधी हा कागद कोणाच्या डोक्यातून आला ते सांगतो.

तेरा वर्षांच्या मुलाची खूण

कार्ल अ‍ॅडम पेट्री यांचा जन्म जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये १९२६ साली झाला. त्यांनी पुढे सांगितलं, की गोल, चौकटी आणि बाण यांची ही खूण त्यांना १९३९ सालच्या ऑगस्टमध्ये सुचली. तेव्हा ते तेरा वर्षांचे होते, म्हणजे आमच्या थोरल्याएवढे! त्यांना रसायनशास्त्रातल्या क्रिया कागदावर उतरवायच्या होत्या. कोणता पदार्थ कोणाशी मिळतो आणि त्यातून काय निपजतं, हे त्यांना एका चित्रात बघायचं होतं.

मग युद्ध आलं, बरीच वर्षं गेली. १९६१ साली पेट्री यांनी जर्मनीतल्या डार्मश्टाट इथल्या तंत्रविद्यापीठाला आपला प्रबंध सादर केला. त्याच्या नावाचा अर्थ होतो 'स्वयंचलित यंत्रांशी संवाद'. अनेक यंत्रं एकाच वेळी आपापल्या गतीने चालत असतील, तर त्यांचं वर्णन कसं करायचं, हा त्यातला मोठा प्रश्न होता. त्यातून जो विषय वाढला त्याला आज जगभर 'पेट्री नेट', म्हणजे पेट्री यांची जाळी म्हणतात. पेट्री २०१० साली वारले, पण त्यांची जाळी कारखान्यांत, संगणकांत आणि रसायनांच्या अभ्यासात अजून वापरतात.

चिंचोक्याला इंग्रजीत 'टोकन' म्हणतात. हा शब्द तुमच्या बाबांना किंवा आजोबांना विचारून बघा. रेल्वेच्या एकेरी मार्गावर ड्रायव्हरला एक धातूचा गोळा दिला जाई. तोच टोकन. तो हातात असल्याशिवाय गाडीने पुढच्या टप्प्यात शिरायचं नाही. दोन्ही स्टेशनांतली यंत्रं एकमेकांशी तारेने जोडलेली असत आणि त्या टप्प्यासाठी एका वेळी एकच गोळा बाहेर निघे. म्हणजे एकेरी रुळावर समोरासमोर दोन गाड्या येणार नाहीत. कागदावरचा चिंचोका तेच काम करतो.

एवढा खटाटोप कशाला?

तुम्ही म्हणाल, "काका, संगणक तर सांगितलेलं काम एकामागून एक करतो. त्यात कसली कोंडी?"

पूर्वी बरेच संगणक तसे होते. पण आज तुमच्या घरातल्या मोबाइलकडेच बघा. गाणं चालू आहे, तेवढ्यात निरोप येतो, फोटो साठवला जातोय आणि घड्याळही पुढे सरकतंय. ही सगळी कामं एकाच वेळी चालतात आणि त्यांना काही वस्तू सामाईक लागतात. स्मृतीतली एखादी जागा, पडदा, बाहेर जाणारी तार. म्हणजे कर्कटक आणि पट्टीच!

आता एक हिशेब बघा. दोन कामं आहेत आणि प्रत्येकाची दोन पावलं. प्रत्येक कामाने आपली पावलं क्रमाने टाकायची, पण दोघांची पावलं कशीही मिसळू शकतात. असे किती क्रम होतील? कागदावर लिहून बघा, सहा होतील. प्रत्येकी दहा पावलं असतील तर? १,८४,७५६! आणि प्रत्येकी दहा पावलांची तीन कामं असतील, तर साडेपाच लाख कोटींहून जास्त! त्यांतल्या एखाद्याच क्रमात कोंडी लपलेली असेल, तर प्रोग्रॅम शंभर वेळा चालवून बघितला आणि शंभरही वेळा तो ठीक चालला, तरी खात्री देता येत नाही. कोंडी नेमकी तेव्हा होते, जेव्हा आपण बघत नसतो.

मंगळावरची गोष्ट

हे नुसतं घाबरवायला सांगत नाही. खरी घडलेली गोष्ट ऐका. ४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं. त्याच्या पोटात सोजर्नर नावाची छोटी गाडी होती. फोटो येऊ लागले, सगळे आनंदात. आणि थोड्याच दिवसांत यानावरचा संगणक मधूनमधून आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. दर वेळी त्या दिवसाचं उरलेलं काम रखडे. दुरुस्तीला माणूस पाठवायची सोय नाही. साधा संदेश पोहोचायलाही दहा मिनिटांहून अधिक लागत.

काय झालं होतं? आपल्या घरातलं उदाहरण घेऊ. समजा घरात अभ्यासाचं टेबल एकच. नियम असा, की मोठं माणूस आलं की लहानाने टेबल सोडायचं. एक सामाईक वहीही आहे आणि ज्याच्या हाती ती असेल, त्याचं लिखाण संपल्याशिवाय ती सोडायची नाही. धाकटी टेबलावर त्या वहीत लिहीत होती. आजोबांना वही हवी झाली. ते म्हणाले, "लिही बाळ, मी थांबतो." तेवढ्यात थोरला आला आणि त्याने टेबल घेतलं, कारण तो धाकटीहून मोठा. त्याला वही नकोच होती. पण आता धाकटीला टेबल नाही, म्हणून तिचं लिखाण संपत नाही. लिखाण संपत नाही म्हणून वही सुटत नाही. आणि घरातले सर्वांत मोठे आजोबा ताटकळत बसले, तेही ज्याला वहीशी काही देणंघेणं नाही अशा थोरल्यामुळे!

पाथफाइंडरवर तसंच झालं. यानाच्या अंतर्गत निरोपांची ने-आण करणारं काम होतं आजोबा, हवामानाची नोंद करणारं होतं धाकटी आणि पृथ्वीशी बोलण्यासारखी मधली कामं होती थोरला. 'आजोबांचं' काम वेळेत झालं नाही की यानावरचा पहारेकरी समजे, काहीतरी गंभीर बिघडलंय, आणि संगणक नव्याने सुरू करी.

उड्डाणाआधीच्या चाचण्यांत असं एकदोनदा दिसलं होतं, पण पुन्हा घडवून आणता आलं नव्हतं. आता अभियंत्यांनी पृथ्वीवर यानाचा तसाच जोड संगणक तासन्‌तास चालवला, तेव्हा बिघाड पुन्हा दिसला आणि उलगडा झाला. उपाय आधीपासून माहीत होता. वही धाकटीकडे आहे आणि आजोबा तिच्यासाठी थांबलेत, तोवर धाकटीला आजोबांचा मान द्यायचा, म्हणजे थोरला तिला उठवू शकत नाही. ही सोय यानावरच्या प्रोग्रॅममध्ये होतीच, फक्त बंद ठेवलेली होती. पृथ्वीवरून बदल पाठवून ती सुरू केली आणि यान पुढे सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत निरोप पाठवत राहिलं.

इथेही बघा, एकेकटं काम बरोबरच होतं. दोष होता तो मांडणीत.

चित्रालाच चालवलं तर?

आता एक विचार करा. अभियंते कागदावर सुंदर चित्र काढतात. मग प्रोग्रॅम लिहिणारा ते बघून हजारो ओळी हाताने लिहितो. लिहिताना एखादा बाण राहून गेला तर? किंवा चित्र नंतर बदललं आणि ओळी तशाच राहिल्या तर? चित्र एक सांगतं, यंत्र दुसरंच करतं. मग असं का करू नये, की चित्र माणसाने काढायचं आणि ओळी यंत्राने लिहायच्या?

पाथफाइंडर ज्यांनी बनवलं, त्या कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेनेच पुढच्या वर्षी हे करून दाखवलं. २४ ऑक्टोबर १९९८ रोजी 'डीप स्पेस १' हे यान निघालं. अवकाशात एखादा भाग बिघडला तर काय करायचं, हे सांभाळणारा त्यातला प्रोग्रॅम चित्रांवरून तयार केला होता. ही चित्रं पेट्री यांच्या जाळीसारखी नव्हती, पण तिच्या नात्यातली होती. त्यांना 'स्टेटचार्ट', म्हणजे अवस्थाचित्रं म्हणतात. इस्रायलचे डेव्हिड हॅरेल १९८० च्या दशकात लढाऊ विमानाच्या अभियंत्यांबरोबर काम करत होते, तेव्हा त्यांनी ती शोधली. त्यांत चौकट म्हणजे अवस्था. 'ठीक', 'शंका', 'बिघाड', अशी. बाण म्हणजे काय झालं की कुठे जायचं. आणि दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतील तर मध्ये तुटक रेघ. डावीकडे एक, उजवीकडे दुसरी, दोन्ही जाग्या.

याचा एक मोठा फायदा झाला. बॅटरी किंवा अँटेना जाणणाऱ्या अभियंत्याला प्रोग्रॅमच्या ओळी वाचता आल्या नाहीत, तरी चित्र वाचता येतं. "अहो, हा बाण इकडे नको, तिकडे हवा," असं तो बोट ठेवून सांगू शकतो. चित्र दुरुस्त केलं, की यंत्र ओळी पुन्हा नव्याने लिहितं. हे यान सप्टेंबर २००१ मध्ये बोरेली नावाच्या धूमकेतूजवळून गेलं आणि त्याच्या गाभ्याचे फोटो त्याने पाठवले.

यंत्र ओळी कशा लिहितं?

यात जादू काही नाही. आपल्या कागदावरच बघा. प्रत्येक गोल म्हणजे एक आकडा, त्यात किती चिंचोके आहेत तो. प्रत्येक चौकट म्हणजे एक 'जर-तर' वाक्य:

जर 'थोरला मोकळा' मध्ये निदान १ असेल आणि 'टेबलावर कर्कटक' मध्ये निदान १ असेल,
तर दोन्हींतून १ वजा करा आणि 'हाती कर्कटक' मध्ये १ मिळवा.

सहा चौकटींची सहा वाक्यं. चित्र वाचणारा प्रोग्रॅम बाण मोजत जातो आणि ही वाक्यं लिहीत जातो. मग दुसरा छोटा प्रोग्रॅम चौकटी तपासत राहतो. चालणारी सापडली की चालव, पुन्हा तपास. झाला प्रोग्रॅम तयार!

दोन संगणक असतील तर थोरल्याच्या चौकटी एकाला आणि धाकटीच्या दुसऱ्याला द्यायच्या. पण इथे एक काळजी घ्यावी लागते. मधले दोन गोल सामाईक आहेत. समजा पहिल्या संगणकाने बघितलं, 'कर्कटक आहे'. त्याच क्षणी दुसऱ्यानेही बघितलं, 'कर्कटक आहे'. आता दोघंही उचलायला गेले तर? एक चिंचोका दोघांनी कसा उचलायचा? म्हणून सामाईक गोलाबाबत बघणं आणि उचलणं एका दमात झालं पाहिजे, मध्ये दुसऱ्याला शिरू द्यायचं नाही. रेल्वेचा गोळा आठवा. चित्रामुळे हे आधीच दिसतं, की नेमके कुठले गोल सामाईक आहेत आणि पहारा कुठे बसवायचा.

दुसरी गंमत अशी, की चित्र चालवण्याआधी तपासताही येतं. आपल्या खेळात चिंचोक्यांच्या एकूण मांडण्या किती होऊ शकतात? मोजा: दोघं मोकळे, थोरल्याच्या हाती कर्कटक, धाकटीच्या हाती पट्टी, थोरल्याची आकृती चालू, धाकटीची आकृती चालू आणि ती कोंडी. फक्त सहा! संगणक एकेक मांडणी तपासतो आणि सांगतो, "पाच ठीक, एक अडकलेली." लाखो क्रमांच्या मागे धावायची गरज नाही.

कारखान्यांतही हे चालतं. फ्रान्समध्ये १९७७ साली 'ग्राफसेट' नावाची चित्रभाषा तयार झाली. ती पेट्री यांच्या जाळीवरूनच निघाली. १९९३ साली यंत्र-नियंत्रणाचं जे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं, त्यातही तशीच चित्रभाषा आहे. बाटली आली, झडप उघडली, भरली, बूच बसलं, असं चित्र काढायचं आणि यंत्र ते चालवतं. तुमच्यापैकी काहींनी संगणकावर 'स्क्रॅच' वापरलं असेल. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने ते २००७ साली मुलांसाठी खुलं केलं. त्यात हिरवा झेंडा दाबला की मांजर आणि चेंडू दोघंही एकाच वेळी पळू लागतात. तेही रंगीत ठोकळ्यांतून बनवलेलं आणि एकाच वेळी चालणारं सॉफ्टवेअरच बरं का!

चित्रही चुकतं

पण एक ध्यानात ठेवा. यंत्र चित्राशी प्रामाणिक असतं, शहाणं नसतं. चित्रात कोंडी असेल तर तयार झालेला प्रोग्रॅमही इमानेइतबारे कोंडीत सापडेल. आणि गोल शेकड्यांनी वाढले, की मांडण्या इतक्या होतात की मोठ्या संगणकालाही दम लागतो. म्हणून चित्र छोट्या छोट्या तुकड्यांत काढावं लागतं आणि चिंचोके हलवून आधी स्वतः खेळावं लागतं.

आमच्या घरी तेच झालं. दोघांनी तासभर चिंचोके सरकवले. मग धाकटीच ओरडली, "काका, मीपण आधी कर्कटकच घेतलं तर?" लगेच तिच्या बाजूचे बाण बदलले आणि पुन्हा खेळलो. ज्याच्या हाती कर्कटक, त्यालाच पट्टी. दुसरा टेबलाशी वाट बघतो, पण हातात काही धरून नाही. मांडण्या मोजल्या तर पाच, एकही अडकलेली नाही! आता कंपासपेटीच्या झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवली आहे: 'आधी कर्कटक, मग पट्टी.' अक्षर धाकटीचं, खालची सही थोरल्याची. वहिनींनी थोरल्याला त्या रात्री एक शिकरणाची वाटी जास्त दिली. का, ते त्याने विचारलं नाही.

पालकांसाठी: मुलं एखाद्या वस्तूवरून अडून बसली की मोठ्या भावंडाला दटावण्याआधी एकदा कागद आणि चिंचोके काढून बघा. कधी कधी दोघांचंही काही चुकलेलं नसतं, फक्त क्रम बदलायचा असतो.

या आठवड्याचं कोडं

आता समजा शेजारचा बाळूही गृहपाठाला आला. टेबलावर तीन वस्तू: कर्कटक, पट्टी आणि कोनमापक. थोरल्याला कर्कटक आणि पट्टी लागते. धाकटीला पट्टी आणि कोनमापक लागतं. बाळूला कोनमापक आणि कर्कटक लागतं. तिघंही आपली पहिली वस्तू आधी उचलतात, मग दुसरी. कोंडी कशी होते ते चिंचोक्यांनी दाखवा. आणि एकाच मुलाची सवय बदलून ती टाळता येते का, ते शोधा. अशाच जातीचं एक कोडं नेदरलँड्सचे संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ साली आपल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत घातलं होतं. तुम्हाला परीक्षा नाही, तेव्हा निवांत सोडवा.

उत्तर पुढच्या अंकात. तोवर तुमचं चित्र काढून पाठवा, आणि हो, चिंचोके आजीला न विचारता घेऊ नका!

तुमचा,
काका